मिश्र आणि बहुस्थानी कार्यपद्धती : एक अभ्यास

प्रास्ताविक

आपल्या समाजातील नोकरदारांची पहिली पिढी गिरणी, गोदी, रेल्वे आणि नगरपालिकेत राबली. दुसरी पिढी शिक्षणाच्या बळावर बँक, विमा, पोस्ट, मंत्रालय आणि शाळा-महाविद्यालयांत शिरली. या दोन्ही पिढ्यांना कामाला जाणे म्हणजे घर सोडून ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी हजर होणे, एवढेच ठाऊक होते. भोंगा, हजेरीपट आणि साहेबाची नजर यांत कामाचा दिवस बसत असे. आज तिसरी पिढी संगणकावर काम करते. तिच्यापैकी अनेकांचे कार्यालय आठवड्यातून दोन-तीन दिवस घरातच असते. साहेब बंगळूरला, सहकारी हैदराबादला आणि ग्राहक परदेशात, अशी मांडणी आता अपवाद राहिलेली नाही.

हा बदल केवळ सोयीचा किंवा गैरसोयीचा नाही. काम कोठून करायचे हे बदलले की कामाचे मोजमाप बदलते, शिकण्याची रीत बदलते आणि बढतीचा मार्गही बदलतो. ज्यांच्या घरात कार्यालयीन जीवनाची परंपरा नाही, त्यांच्यावर या बदलाचा भार अधिक पडतो. म्हणून हा विषय सभासदांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, या हेतूने आम्ही हा अभ्यासलेख सादर करीत आहोत.

संज्ञांचा अर्थ

प्रथम दोन शब्द स्पष्ट करू. ज्या पद्धतीत कर्मचारी काही दिवस कार्यालयात आणि काही दिवस घरून किंवा अन्य ठिकाणाहून काम करतो, तिला मिश्र किंवा हायब्रिड कार्यपद्धती म्हणतात. ज्या संस्थेचे एकच काम निरनिराळ्या गावांतील किंवा देशांतील माणसे मिळून करतात, तिचे कामकाज बहुस्थानी असते. एखादी संस्था बहुस्थानी असूनही मिश्र नसेल. बँकेच्या शाखेतील रोखपाल रोज शाखेतच येतो. परंतु मिश्र पद्धती स्वीकारणारी प्रत्येक संस्था थोड्याफार प्रमाणात बहुस्थानी होतेच, कारण प्रत्येक कर्मचाऱ्याचे घर ही तिची एक छोटी शाखा बनते.

बहुस्थानी कामाची जुनी उदाहरणे

बहुस्थानी कामकाज आपल्याला नवीन नाही. भारतीय टपाल खात्याची दीड लाखाहून अधिक कार्यालये देशभर पसरलेली आहेत. भारतीय स्टेट बँकेच्या शाखा बावीस हजारांहून अधिक आहेत. गडचिरोलीच्या टपाल कार्यालयातील कारकून आणि मुंबईचा कारकून एकमेकांना कधी भेटत नाहीत, तरी एकाने स्वीकारलेली मनीऑर्डर दुसऱ्याच्या हद्दीत बिनचूक पोचत आली. हे कशामुळे साधले? एकसारखे नमुने, एकसारख्या नोंदवह्या, लेखी परिपत्रके, ठराविक मुदतीत होणारी तपासणी आणि प्रत्येक पायरीला सहीने ठरलेली जबाबदारी यांमुळे. थोडक्यात, माणसे एकत्र नसतात तेव्हा लेखन त्यांना एकत्र ठेवते. मिश्र कार्यपद्धतीचा पहिला धडा हाच आहे.

गैरहजर सभासदाचे काय करावे, हा प्रश्न तर त्याहूनही जुना आहे. विनयपिटकातील महावग्गात उपोसथाच्या प्रकरणात याचा विचार आढळतो. आजारी भिक्खू सभेस येऊ शकत नसेल, तर त्याने आपली पारिसुद्धि दुसऱ्या भिक्खूमार्फत पाठवावी. संघाच्या निर्णयासाठी आपली संमती, म्हणजे छंद, पाठवावा. तेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह सभेत आणावे. त्याला हलविणे धोक्याचे असेल तर संघाने त्याच्याकडे जावे. पण अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. निरोप नेणाऱ्याने सभेत पोचून तो मुद्दाम सांगितला नाही, तर दोष निरोप्याला लागतो. निरोप देणाऱ्याचा निरोप पोचला असेच मानले जाते. दूर असलेल्या सभासदाचा आवाज सभेपर्यंत आणण्याची जबाबदारी सभेत हजर असणाऱ्यांवरही असते, हे तत्त्व आजच्या कोणत्याही कार्यालयाला लागू पडावे असे आहे.

आधुनिक विचाराचा आरंभ

घराजवळून काम करण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत सुरू झाला. जॅक नाइल्स यांनी १९७३ साली लॉस एंजेलिस येथे एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. त्या वेळी घरोघरी संगणक नव्हते. म्हणून कर्मचाऱ्यांना शहराच्या मध्यभागी बोलावण्याऐवजी त्यांच्या घरांजवळ लहान कार्यालये उघडण्यात आली. प्रवासाची जागा दूरसंचाराने घ्यावी, ही त्यामागील कल्पना. त्याच वर्षी जगावर तेलसंकट आल्यामुळे या कल्पनेला महत्त्व आले. मूळ प्रयोग ‘घरून काम’ असा नसून ‘घराजवळून काम’ असा होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

दुसऱ्या बाजूने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांच्या परस्पर संभाषणाचा अभ्यास करून १९७७ साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. दोघांच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढले की त्यांचे कामाविषयीचे बोलणे झपाट्याने कमी होते. सुमारे पन्नास मीटरपलीकडे ते अगदीच तुरळक उरते. म्हणजे वेगळ्या मजल्यावर बसणारा सहकारी आणि वेगळ्या गावी बसणारा सहकारी यांत फारसा फरक राहत नाही. जवळ असल्याने जे आपोआप घडते, ते दूर असताना ठरवून घडवावे लागते, हा दुसरा धडा होय.

प्रयोगांनी काय दाखविले ?

मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे देशभर टाळेबंदी आली आणि लक्षावधी कार्यालयीन कर्मचारी एका रात्रीत घरी बसून काम करू लागले. ती सक्ती होती, पद्धत नव्हती. पद्धतीचे गुणदोष तपासायचे तर काळजीपूर्वक केलेले प्रयोग पाहावे लागतात. त्यांपैकी तीन येथे देत आहोत.

पहिला प्रयोग चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१० ते २०११ या काळात नऊ महिने झाला. स्टॅनफोर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यासला. शांघाय येथील दूरध्वनी केंद्रातील इच्छुकांपैकी २४९ जण पात्र ठरले. ज्यांची जन्मतारीख सम, ते आठवड्यातील चार दिवस घरून काम करू लागले. विषम तारखेचे कार्यालयातच राहिले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यातील सुमारे ९ टक्के वाढ अधिक वेळ काम केल्याने, म्हणजे विश्रांती आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्याने आली. उरलेली ४ टक्के दर मिनिटाला अधिक दूरध्वनी घेतल्याने आली. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याने घटले. पण कामाच्या तुलनेत बढतीचे प्रमाण मात्र घरी असणाऱ्यांत कमी झाले. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परतणे पसंत केले. एकटेपणा हे त्याचे मोठे कारण होते.

दुसरा प्रयोग त्याच कंपनीत २०२१-२२ मध्ये सहा महिने झाला आणि २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या वेळी अभियंते, हिशेब आणि विपणन विभागांतील १,६१२ पदवीधर कर्मचारी होते, आणि सवलत फक्त बुधवार व शुक्रवार अशा दोन दिवसांची होती. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. हा लाभ स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून येणारे यांच्यात विशेष दिसला. पुढील दोन वर्षांच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. प्रयोगाआधी व्यवस्थापकांना उत्पादकता घटेल असे वाटत होते; प्रयोगानंतर त्यांचे मत बदलले.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. चार दिवस घरी राहणारा साहेबाच्या नजरेआड गेला. दोन दिवस घरी राहणारा गेला नाही. अर्थात दोन्ही प्रयोगांतील कामे वेगळी होती, म्हणून दिवसांच्या संख्येवरच सारे ठरले असे म्हणता येणार नाही. पण कामाइतकेच दिसणेही मोजले जाते, ही शंका त्यातून बळावते.

तिसरा अभ्यास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा असून तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. सर्वजण घरून काम करू लागल्यावर प्रत्येक गट स्वतःपुरता बोलू लागला आणि निरनिराळ्या गटांना जोडणारे संबंध विरळ झाले. जुन्या ओळखी टिकल्या, नव्या जुळेनात.

लाभ कोणाला, तोटा कोणाला ?

मिश्र पद्धतीचे लाभ आम्ही कमी लेखत नाही. बदलापूर किंवा विरारहून लोकलने येणाऱ्याचे दिवसाचे तीन-चार तास वाचतात. लहान मूल असलेल्या मातेला नोकरी टिकविणे सोपे जाते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद आली, ती याच हेतूने. अपंग व्यक्तीला जिने आणि गर्दी यांचा अडथळा उरत नाही. गावी वृद्ध आई-वडील असलेल्यास काही दिवस त्यांच्याजवळ राहता येते.

परंतु सीट्रिपच्या प्रयोगातील एका अटीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पात्र ठरण्यासाठी कर्मचाऱ्याकडे घरात कामासाठी स्वतंत्र खोली असणे आवश्यक होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. म्हणजे ज्या प्रयोगाच्या यशाचा दाखला दिला जातो, त्यात आमच्या वस्तीतील अनेक घरांना प्रवेशच मिळाला नसता.

आमच्या ओळखीची एक मुलगी, तिच्या घराण्यातील पहिली अभियंता, टाळेबंदीच्या काळात दहा बाय बाराच्या खोलीतून काम करीत असे. पिठाच्या डब्यावर फळी, फळीवर लॅपटॉप. तिची बैठक सुरू झाली की वडील बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहत आणि आई कुकर उतरवून ठेवी. एकदा शिटी झालीच. पलीकडून कोणीतरी हसून काही बोलले. त्या दिवसापासून तिने बैठकीत तोंड उघडणे सोडले आणि कॅमेराही बंद ठेवू लागली. वर्षअखेरच्या मूल्यमापनात ‘पुढाकार कमी’ असा शेरा आला. काम तिने चोख केले होते. उणे होती ती एक खोली. हा शेरा पाहून ती आमच्याकडे आली, तेव्हा तिला देण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते. या लेखाची गरज आम्हास तेव्हा जाणवली.

आणखी एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. संगणक अभियंत्यांच्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की एकाच इमारतीत एकत्र बसणाऱ्या गटातील सदस्यांना आपल्या कामावर सहकाऱ्यांकडून सुमारे एक पंचमांश अधिक सूचना मिळत. त्याचा लाभ नवख्यांना, विशेषतः तरुण स्त्रियांना, अधिक होई. शिकविणाऱ्या ज्येष्ठांचे स्वतःचे काम मात्र थोडे मागे पडे. कार्यालये बंद झाल्यावर ही शिकवणी आटली. ज्याचे काका किंवा वडील अशाच कंपनीत अधिकारी आहेत, त्याला घरीही कोणी सांगणारे असते: साहेबाला पत्र कसे लिहावे, चूक झाली तर कशी कबूल करावी, पगारवाढ कशी मागावी. आमच्या मुलांना हे शेजारच्या टेबलावरूनच शिकावे लागते. ते टेबलच गेले तर त्यांचे नुकसान इतरांहून अधिक होते.

शेवटचा मुद्दा कामाच्या वेळेचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ती मर्यादा कारखान्याच्या दारावर मोजता येत होती. घरात दार नाही आणि भोंगाही नाही. रात्री अकराला आलेल्या संदेशाला उत्तर द्यायचे की नाही, हे नियमाने ठरले नाही तर ते भीतीने ठरते.

संस्थांनी कोणत्या पद्धती घडवाव्यात ?

वरील विवेचनावरून मिश्र आणि बहुस्थानी कामासाठी पुढील पद्धती आवश्यक आहेत असे आम्हास वाटते.

१. दिवस गटाने ठरवावेत. प्रत्येकाने आपापल्या सोयीने वेगवेगळ्या दिवशी कार्यालयात आल्यास एकत्र येण्याचा हेतूच विफल होतो. गटाचे किमान एक-दोन दिवस समान असावेत आणि त्या दिवशी चर्चा, शिकवणी व नव्या कामाची आखणी व्हावी. एकट्याने करण्याचे लेखन, हिशेब, तपासणी घरच्या दिवशी व्हावी.

२. निर्णय लेखी असावा. चहाच्या टपरीवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहावी. काय ठरले, का ठरले, कोण करणार आणि केव्हापर्यंत, एवढ्या चार ओळी पुरेत.

३. बैठकीत समानता असावी. एकही सदस्य दूरस्थ असेल तर त्याला प्रथम बोलू द्यावे. त्याचा मुद्दा मांडला जाईल याची जबाबदारी हजर असणाऱ्यांपैकी एकावर नावानिशी सोपवावी. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये.

४. मूल्यमापन कामावर असावे. काय पूर्ण केले, किती बिनचूक केले, कोणाला मदत केली, हे निकष आधीच लेखी द्यावेत. बढती मिळालेल्यांत घरून काम करणारे किती, याची संस्थेने दरवर्षी स्वतः तपासणी करावी.

५. नवख्याला मार्गदर्शक द्यावा. पहिले काही महिने त्याच्या कार्यालयीन दिवशी त्याचा मार्गदर्शकही कार्यालयात असावा. शिकविण्यात गेलेला ज्येष्ठाचा वेळ कामात धरावा. नाहीतर शिकविणारा मागे पडतो आणि शिकविणे थांबते.

६. साधने आणि खर्च संस्थेचा असावा. संगणक, इंटरनेट, खुर्ची हे कामाचे साहित्य आहे. ज्याच्या घरी जागा नाही त्याला रोज कार्यालयात येण्याचा हक्क असावा आणि त्याबद्दल त्याला कमी लेखले जाऊ नये.

७. वेळेची मर्यादा असावी. संपर्काचे तास ठरवावेत. वेगवेगळ्या देशांत काम चालत असेल तर अवेळीच्या बैठकीचा भार आळीपाळीने सर्वांवर यावा. तो नेहमी भारतातील कर्मचाऱ्यावरच पडू नये.

विद्यार्थ्यांना आणि नवोदित कर्मचाऱ्यांना

नोकरीची पहिली दोन वर्षे शक्यतो अधिक दिवस कार्यालयात जावे, असा आमचा सल्ला आहे. प्रवासाचा त्रास होईल, पण ती शिकवणीची वर्षे आहेत. दर आठवड्याच्या शेवटी आपण काय केले ते पाच-सहा ओळींत लिहून वरिष्ठांना पाठवावे. यात फुशारकी नाही, ती नोंद आहे. अडल्यास दिवसभर कुढत न बसता नेमका प्रश्न लिहून विचारावा. स्वच्छ, थोडक्यात लिहिण्याचा सराव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे करावा, कारण दूरच्या सहकाऱ्याला आपण आपल्या लेखनातूनच दिसतो. घरी जागा नसेल तर लाज न बाळगता तसे वरिष्ठांना लेखी कळवावे. जी अडचण नोंदली जात नाही, तिचा पुढे दोष म्हणून उल्लेख होतो.

आपल्या मंडळापुरते

नाइल्स यांचा मूळ प्रयोग घराजवळील छोट्या कार्यालयांचा होता, हे आम्ही वर सांगितले. आपल्याकडे अनेक विहारांतून आणि समाजमंदिरांतून अभ्यासिका चालतात. त्या पहाटे आणि रात्री स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. भर दुपारी बहुधा रिकाम्या असतात. त्या वेळेत चार टेबले, खात्रीची वीज, इंटरनेट आणि शांतता एवढे उपलब्ध करून दिले तर एका खोलीत राहणाऱ्या मुलामुलींना घराजवळचे कार्यालय मिळेल. मात्र काही कंपन्या गोपनीय काम सार्वजनिक जागेतून करू देत नाहीत, म्हणून प्रत्येकाने आधी लेखी परवानगी घ्यावी. तेथेच निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक आणि नोकरीत मुरलेले तरुण आठवड्यातून एक दिवस बसले, तर शेजारच्या टेबलाची उणीवही काही अंशी भरून निघेल.

मंडळाच्या स्वतःच्या कामकाजालाही हीच शिस्त लागू करता येईल. बदलीमुळे नागपूर, पुणे किंवा परदेशी गेलेल्या सभासदांना सभेची विषयपत्रिका आधी पाठवावी, त्यांची मते सभेत वाचून दाखवावीत आणि इतिवृत्त आठवड्याच्या आत सर्वांना मिळावे. ठरावावर मतदान घेताना मात्र घटनेत दूरस्थ मताची तरतूद आहे किंवा नाही, हे आधी पाहावे.

समारोप

काम कोठून करावे हा प्रश्न वरवर जागेचा दिसतो. खोलात तो न्यायाचा आहे. लेखी निर्णय, ठरलेले एकत्र दिवस, कामावर आधारलेले मूल्यमापन आणि नवख्याची काळजी या चार गोष्टी असतील तर मिश्र पद्धती अनेकांना वर आणील. त्या नसतील तर ज्याच्या घरी खोली आहे तोच पुढे जाईल. ज्या मुलीची हकिगत आम्ही सांगितली, ती आता आठवड्यातून चार दिवस कार्यालयात जाते आणि पाचव्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत बसते. बैठकीत ती पुन्हा बोलू लागली आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मिश्र आणि बहुस्थानी कार्यपद्धती यांतील फरक आपल्या परिचयाच्या संस्थांची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. सीट्रिपच्या दोन प्रयोगांतील बढतीविषयक निष्कर्ष वेगळे का आले असावेत ?
३. आपल्या वस्तीतील घरून काम करणाऱ्या पाच जणांना भेटून त्यांच्या जागेच्या आणि वेळेच्या अडचणी नोंदवा व त्यांवर मंडळाला उपाय सुचवा.